नंदाचा कोपरा

आमच्या घरात पत्र कोणी एकट्यानं लिहीत नसे. तसा काही नियम नव्हता, पण एकट्यानं लिहिलेलं पत्र आमच्याकडे फोडणी न दिलेल्या आमटीसारखं अर्धवट समजलं जाई. रविवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, निळं इनलँड पत्र उघडून मांडीवरच्या पाटावर ठेवत आणि नमस्कारापासून हवापाण्यापर्यंत पहिलं पान भरून काढत. मग ते स्वयंपाकघरात जाई. आई पोळ्या लाटता लाटता पदराला हात पुसून दुसरं पान लिही. तिच्या पानावर तेलाचा एक तरी डाग पडेच, त्यामुळे सही बघायची गरज नसे. आणि सगळ्यात शेवटी, घडी घालून चिकटवण्यापूर्वी जी अरुंद पट्टी उरते, ती माझी. तिला सगळ्या नात्यात 'नंदाचा कोपरा' म्हणत. आधी लिहिलेलं सगळं वाचायचं आणि त्यावर खाली चार ओळींत टपली मारायची, एवढंच माझं काम. अण्णांनी 'प्रकृती बरी आहे' लिहिलं की मी खाली लिहायची, 'बरी आहे ती आमची. अण्णांची दाढ दुखतेय आणि ते लवंग चावत सगळ्या घरावर रागावले आहेत.'

कौतुक फार वाईट. बार्शीची मावशी पत्र उलटं धरून आधी माझा कोपराच वाचते, असं तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, एकदा कळवलं. तेव्हापासून मी त्या पट्टीसाठी आठवडाभर विनोद साठवायला लागले. लग्नकार्यात बायका मला बोलावून घेत, 'ही का ती कोपऱ्यावाली?' आज माझ्या केसांना रंग लावावा लागतो, तरी घरातल्या कुठल्याही समारंभात जेवणं झाली की माइक माझ्याकडे येतो. नंदाआत्या, जुन्या गोष्टी सांग. मी सांगते. लोक हसतात. ही एक गोष्ट मात्र मी कधीच सांगितलेली नाही.

आम्ही नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर अडीच खोल्यांत राहत होतो. खाली पिठाची गिरणी होती. सकाळी ती सुरू झाली की आमच्या मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागत आणि दुपारपर्यंत थांबत नसत. आम्हांला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. वीज गेली आणि गिरणी थांबली की उलट सगळे दचकून वर बघत. त्या आवाजात पमू राहायला आला. पमू म्हणजे प्रमोद, बार्शीच्या मावशीचा मुलगा, माझ्याहून दीड-दोन वर्षांनी लहान. दहावीला तो शाळेत पहिला आला होता आणि काका त्याच शाळेचे हेडमास्तर असल्यामुळे त्या पहिल्या नंबरावर त्याचा स्वतःचाही फारसा विश्वास नव्हता. अकरावी-बारावी पुण्यात, मग इंजिनिअरिंग, असं त्याच्याबद्दल ठरलं होतं. काका त्याला पोचवायला आले तेव्हा बरोबर एक हिरवी ट्रंक, कडक भाकऱ्यांचा डबा आणि शेंगांच्या चटणीची बरणी होती. ट्रंकेत कपडे कमी आणि बाकीचाच पसारा जास्त: कंपासपेटी, वहीत पानं चिकटवायला गोंदाची बाटली, आणि वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली कसली कसली पानं. मावशीनं माझ्या आईला निरोप दिला होता, 'माझं पोरगं तुझ्या ओटीत घातलंय.'

आईनं त्याला जपलं, यात शंका नाही. पण आमच्या आमटीत गूळ असे आणि पमूला गोड आमटीनं घास उतरत नसे. तो हळूच चटणीची बरणी ओढून घेई. अण्णा म्हणत, 'प्रमोदराव, आमच्याकडे आमटी जेवणात वाढतात, औषध म्हणून नाही.' अण्णांचं बोलणं असंच. त्यात राग नसे, पण पुण्याबाहेरच्या माणसाला ते कळायला काही वर्षं लागतात. एकदा पमू म्हणाला, 'कॉलेज लांब हाय, पण जमतंय की.' अण्णा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, 'लांब आहे. हाय आम्ही दुखलं की म्हणतो.' मी खो खो हसले. पमूही हसला. त्यानंतर तो जेवताना फारसा बोलेनासा झाला. आम्हांला वाटलं, मुलगा गंभीर झाला, अभ्यासाला लागला.

अभ्यास कसला लागतोय. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. बार्शीला ज्या गोष्टी त्याला डोळे मिटून येत होत्या त्याच इथे परक्या कपड्यांत समोर येऊन उभ्या राहत आणि तो त्यांना ओळखू शकत नसे. संध्याकाळी तो गॅलरीतल्या खाटेवर पुस्तक घेऊन बसे आणि अंधार पडेपर्यंत पान उलटत नसे. हे मी पाहिलं होतं. माझी नजर तशी बारीक, विनोद करणाऱ्याला ठेवावीच लागते. पण बघायचं ते पट्टीसाठी, अशी सवय लागली होती. त्या रविवारी मी लिहिलं, 'पमू पुस्तकाकडे बघतो, पुस्तक पमूकडे बघतं. आधी पापणी कोण हलवतं यावर अण्णांनी आणि मी पैज लावली आहे. मी पुस्तकाच्या बाजूनं आहे.' ते पत्र चिकटवण्याआधी पमूपुढेही फिरलं, कारण त्यालाही दोन ओळी लिहायच्या असत. त्यानं वाचलं आणि माझ्या मजकुराच्या वर, त्याच्यासाठी सोडलेल्या जागेत लिहिलं, 'मी मजेत आहे. काळजी नसावी.' दुसरं काय लिहिणार? वर अण्णांचं पान, शेजारी आईचं, खाली माझं. त्या घरात त्याला काही खासगी सांगायचं असेल तर ते आम्हां सगळ्यांना वाचून दाखवल्यासारखंच होतं.

बारावीची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. त्या दिवशी मला कॉलेजला सुट्टी होती, आई ओट्याशी होती आणि कुकर नुकताच चढवला होता. पमू दप्तर खांद्याला लावून आला आणि त्यानं माझ्या हातात एक इनलँड ठेवलं. घडी घातलेलं, पण उघडं. 'ताई, एवढं पेटीत टाकशील? चिकटत नाहीये. भात झाला की शितानं चिकटव.' आमच्याकडे पत्रं शितानंच चिकटवत, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटलं नाही. दाराशी जाऊन तो परत वळला. 'माईमावशीला नको देऊस.' माईमावशी म्हणजे माझी आई. एवढं बोलून तो जिना उतरला. कुकरची पहिली शिट्टी व्हायची होती. उघडं पत्र हातात घेऊन शिट्ट्यांची वाट बघायची आणि वाचायचं नाही, हे आमच्या घरात कोणाला शिकवलेलंच नव्हतं.

त्यातला शब्द न् शब्द मला आज आठवतो, कारण अलीकडेच तो पुन्हा वाचायची वेळ आली. 'आई, मला घरी ने. मला इथलं काही कळत नाही. सर फळ्यावर लिहितात ते मी उतरवून घेतो, पण नंतर ते दुसऱ्या कोणाचं अक्षर वाटतं. झोप लागत नाही. घास तोंडातच फिरतो. मावशी, अण्णा, ताई सगळे चांगले आहेत, त्यांचा दोष नाही. परवा लकडी पुलावर बराच वेळ उभा होतो. का, ते मला सांगता येत नाही. मला पुलाचीच भीती वाटायला लागली आहे, म्हणून आता लांबून जातो. तुम्ही रागावलात तरी चालेल. पण ये आणि मला ने.' खाली सही. आणि सहीच्या खाली शेवटची पट्टी कोरी.

दुसरी शिट्टी झाली. मी घाबरले होते, हे मला नक्की आठवतं. पण त्या भीतीला बसायला माझ्याकडे जागा नव्हती, एक पट्टी तेवढी होती. शिवाय मनात आलं, मावशी हे वाचून हाय खाईल. आईवर ठपका येईल, बहिणीचं पोर सांभाळता आलं नाही म्हणून. आणि, लिहायलाच हवं म्हणून लिहिते, पट्टी कोरी दिसली की माझे हात शिवशिवत. मी टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहिलं: 'मावशी, वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते पुसून पुढे वाच. तुझ्या मुलाला कवी होण्याची लागण झाली आहे. पुलावर उभा असतो म्हणे. संध्याकाळी तिथून मुलींच्या कॉलेजची गर्दी जाते, एवढं लिहायचं विसरला. आमच्या नदीला सध्या घोटाभर पाणी आहे, फार तर चप्पल भिजेल. आणि घास फिरतो तो आमटीत गूळ जास्त पडतो म्हणून. बाकी गडी ठणठणीत. तुझी नंदा.' कुकर उतरला. मी झाकण निघायची वाट पाहिली, चार शितं घेतली, पत्र चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. येताना स्वतःवर खूश होते. एक मोठं संकट मी आठ-दहा ओळींत गुंडाळून टाकलं होतं.

उत्तर आलं ते सगळ्यांच्या नावानं, आणि सगळ्यांच्या नावानं आलेलं पत्र अण्णा जेवताना मोठ्यानं वाचत. 'चि. प्रमोद यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून तुझी आई पिशवी भरायला लागली होती. पण नंदाचा कोपरा वाचला आणि आम्ही दोघेही पोट धरून हसलो. कविता करायला हरकत नाही, पण परीक्षेनंतर. पुलावर कमी उभा राहा, पुस्तकापुढे जास्त बस.' अण्णा थांबले. 'कुठला पूल?' आई म्हणाली, 'कसलं पत्र? मला न दाखवता गेलं?' मी ताटात बघत होते. शेवटी वर बघावंच लागलं. पमू माझ्याकडे बघत होता. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या दुकानात आपली वस्तू परत मागायला जावं आणि दुकान बंद दिसावं, तसा त्याचा चेहरा होता. मग तो म्हणाला, 'ताई, मीठ दे.' मी दिलं. त्यानं भात कालवला आणि सगळा संपवला, गोड आमटीसकट. चटणीची बरणी त्या दिवसानंतर त्यानं ओढली नाही.

पुढचे महिने घरात शांतता होती. पमू वेळेवर जाई, वेळेवर येई. बारावीच्या परीक्षेला आई रोज त्याच्या हातावर दही ठेवी आणि तो कंपासपेटी घेऊन निघे. परत आला की आई विचारी, 'कसा गेला पेपर?' 'बरा.' तो परीक्षेला बसतच नव्हता. हडपसरच्या बसमध्ये बसत होता. बार्शीचा रस्ता तिकडूनच जातो, सोलापूर रोडनं. एसटीचे पैसे नव्हते आणि धीरही नव्हता, म्हणून पुण्याची बस घराच्या दिशेनं जेवढी लांब नेईल तेवढा तो जायचा. शेवटच्या थांब्याजवळ शेतांच्या कडेला एक रोपवाटिका होती. तिथल्या तात्यांनी त्याला दोन दिवस बांधावर बसलेलं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'काय करतंयस रं इथं? नुसतं बसायचं हाय तर पिशव्या भर माझ्या.' पमू मातीच्या पिशव्या भरायला लागला. तिथे आमटीही तिखट होती आणि 'हाय'ही चालत होतं. हे सगळं आम्हांला फार नंतर कळलं.

आधी कळला तो निकाल. काका बार्शीहून आले. हेडमास्तर माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या बापांना केबिनमध्ये बोलावलेला. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर टोपी हातात धरून बसला होता. खाली गिरणी चालू होती, पेले वाजत होते. काका म्हणाले, 'नापास झाला असतास तर चाललं असतं रे. पण बसलाच नाहीस? जमत नव्हतं तर कळवायचं नाही का? एक पत्र टाकता येत नव्हतं?' मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. खोलीतल्या बाकीच्यांनी हसण्यावारी नेऊन विसरलेली गोष्ट आम्हां दोघांना पक्की आठवत होती. पत्र टाकलं होतं. मीच टाकलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड उघडण्याबद्दल तर मी सगळ्या नात्यात प्रसिद्ध होते. पमूनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग खाली बघून म्हणाला, 'चुकलं माझं.' काका म्हणाले, 'चुकलं म्हणे.' मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

पमू बार्शीला गेला नाही. ज्या घरी जायला तो तळमळत होता त्या घरी आता कुठल्या तोंडानं जायचं, असं झालं. तो हडपसरलाच तात्यांकडे राहिला. पुढे तीच रोपवाटिका त्यानं चालवायला घेतली. आता तिच्या तिन्ही बाजूंनी काचेच्या इमारती उठल्या आहेत आणि त्यांच्या लॉबीतली झाडं पमूकडून भाड्यानं जातात. चांगलं चाललंय. हे वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, औषधासारखं. बघ, शेवटी चांगलंच झालं ना. ते खरं आहे, आणि त्यानं काही फरक पडत नाही. मावशीच्या शेवटच्या दिवसांत पमू बार्शीला जाऊन राहिला होता. तेव्हा ती त्याला म्हणाली म्हणे, 'तू कधी काही सांगितलंच नाहीस बघ.'

गेल्या वर्षी पमूच्या मुलीनं, सानिकानं, कादंबरी लिहिली. किशोरांसाठी, सगळी पत्रांतून. शहरात शिकायला आलेला एक मुलगा घरी पत्रं लिहितो, अशी. बार्शीचं घर रिकामं करताना तिला मावशीनं तारेला टोचून ठेवलेली पत्रं सापडली होती आणि त्यावरूनच तिला सुचली. छापायला जाण्याआधी तिनं कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आणून दिला. मी घाबरत घाबरत वाचत गेले. मध्यावर ते पत्र आलं, जसंच्या तसं. आई, मला घरी ने. सही. त्याखाली अर्धं पान कोरं. आणि पुढच्या पानावर त्या मुलाची आई, हातात पिशवी, केस न विंचरता, दारात उभी. आल्या आल्या म्हणते, 'चल.' तिथे मला चष्मा काढावा लागला.

मी सानिकाला फोन केला. 'माझ्या ओळी कुठे गेल्या?'

'अगं आत्या, सॉरी, त्या मी काढल्या. पहिल्या ड्राफ्टमध्ये होत्या. पण एडिटर म्हणाली, हे अनरिअल वाटतं. एवढं वाचल्यावर खाली कोणी जोक मारेल का?'

'मारेल,' मी म्हणाले.

'नाही गं. रीडरला पटत नाही.'

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून हडपसरला गेले. पमू कुंड्यांच्या रांगेत स्टुलावर बसून जास्वंदीची छाटणी करत होता. त्यानं दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी म्हणाले, 'पुस्तक वाचलंस?' 'वाचलं.' 'त्यात मावशी येते.' 'येते की,' तो म्हणाला आणि एक फांदी कापली. मग मी एकदाची बोलले. सगळं, कुकरसकट. इतकी वर्षं घोकलेलं भाषण होतं, पण तोंडातून आलं ते तुकडे तुकडे. शेवटी म्हणाले, 'तू चिकटवायला दिलं होतंस. मी वाचायला नको होतं.'

पमूनं कात्री मांडीवर ठेवली. 'वाचायलाच दिलं होतं, ताई. गोंदाची बाटली होती की माझ्या ट्रंकेत.'

वरून कुठल्या तरी इमारतीच्या काचेचं ऊन आमच्या पायांवर पडलं होतं. तो सावकाश बोलत होता. 'बार्शीला माझ्या रडण्यावर कोण विश्वास ठेवणार? पोरगं घाबरलंय, होईल सवय, असं म्हणाले असते. त्यांना तुझं खरं वाटायचं. म्हणून ती पट्टी सोडली होती तुझ्यासाठी. तू एवढंच लिहायचं होतंस की हे खरं आहे. आई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आली असती.'

'मग काका आले तेव्हा का नाही बोललास?'

'काय बोलणार? तू तांब्या घेऊन उभी होतीस. हात इतका हलत होता तुझा, मला वाटलं आता सांडती ही.'

मी खाली पडलेल्या फांद्या गोळा करत राहिले. पमूनं दोनदा माझ्याकडे बघितलं. मग जास्वंदीची कुंडी माझ्या पायाशी ठेवत म्हणाला, 'बोल की काहीतरी. तू गप्प बसलीस की भीती वाटते.' कुंडी मांडीवर घेऊन मी घरी आले.

सानिकाचा गठ्ठा टेबलावर होता. मी ते पत्राचं पान काढलं. सहीच्या खाली जागा होतीच. पेन घेतलं तेव्हा हात शिवशिवत नव्हते. अक्षर वाकडं आलं. पण वाचता येतं.

'मावशी, वरचं सगळं खरं आहे. ये आणि पमूला घेऊन जा. तुझी नंदा.'